नमनाचं तेल

सायकल तळमजल्यावर पार्किंगमध्ये आणि वर्कशॉप चौथ्या मजल्यावर, ड्राय बाल्कनीत. मध्ये लिफ्ट आहे, पण तिच्यात अठ्ठावीस इंची चाकांची सायकल काही केल्या मावत नाही. कोथरूडमधल्या या गृहस्थांच्या हे लक्षात आलं, तेव्हा बाल्कनीच्या भिंतीला बारा भोकं पाडून झाली होती.

सायकल वडिलांची. काळी, रॉडच्या ब्रेकची, मागे कॅरियर, पुढच्या मडगार्डवर पितळी चिमणीसारखं काहीतरी, ज्याची चोच केव्हाच झिजून गेली आहे. गृहस्थ ती रोज वापरतात. सकाळी दूध, मग भाजी, संध्याकाळी बँकेतल्या जुन्या मित्रांचा कट्टा. निवृत्त झाल्यापासून स्कूटर झाकून ठेवली आहे आणि सायकलीवर सगळा भार आहे. यंदा जूनमधल्या पहिल्या पावसानंतर चेन कुरकुरायला लागली. काम पाच मिनिटांचं होतं. एक चिंधी घ्यायची, चेन पुसायची, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब एकेका कडीवर सोडायचा, पेडल उलटं फिरवत राहायचं आणि वरचं जास्तीचं तेल पुन्हा पुसून टाकायचं. लहानपणी वडिलांच्या नजरेखाली त्यांनी हे शंभरदा केलेलं आहे.

पण त्या दिवशी पार्किंगमध्ये उकिडवं बसायला गुडघे कुरकुरले, आणि मनात आलं की या कामाला एक नीट जागा असावी. जागा म्हटली की टेबल आलं. टेबलावर वस्तू घट्ट धरून ठेवायला व्हाइस हवा. व्हाइस पक्का बसवायचा तर ड्रिल मशीन हवं. ड्रिल आलं की बिट आले, बिट ठेवायला खण आले, खणांवर चिठ्ठ्या आल्या. कडीत कडी अडकत गेली. मूळ चेन मात्र खाली तशीच कुरकुरत राहिली. नमनाला घडाभर तेल म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं झालं. फक्त ज्या वस्तूला तेलाची गरज होती, तिच्या वाट्याला त्यातला थेंबही आला नाही.

पुण्यात अशा माणसाचा पाय घसरायला जागा पुष्कळ. रविवार पेठेतली बोहरी आळी ही त्यातली पहिली. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी हार्डवेअरची दुकानं, बाहेर टांगलेल्या साखळ्या आणि दोरखंड, आत छतापर्यंत चढत गेलेले खण. दुकानदार मान वर न करता विचारतो, “काय काम आहे?” प्रश्न साधा आहे, पण सायकलच्या चेनला तेल घालायचं आहे हे उत्तर तिथे देता येत नाही. मग गृहस्थ म्हणतात, “घरी छोटंसं वर्कशॉप करतोय.” हे वाक्य उच्चारताना त्यांची छाती थोडी फुगते. दुकानदारही मग मान वर करतो. अशा गिऱ्हाइकाची त्याला चांगली ओळख असते.

दुसरी जागा जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो. गोणपाटावर पसरलेल्या मुठी नसलेल्या कानशी, दात गेलेल्या करवती, कुणाच्या तरी आजोबांचा रंधा, इंग्रजी मापांचे पाने, आणि या ढिगाऱ्यात कधीतरी सापडणारा एखादा जुना, वजनदार, हातात घेतला की खाली ठेवावासा न वाटणारा व्हाइस. यांना तो सापडला. चार इंची जबड्याचा, पार गंजलेला, दांडी जागच्या जागी धरलेली. रिक्षात मांडीवर घेऊन आले.

पुढचे तीन आठवडे त्या व्हाइसचे होते. घमेल्यात रॉकेल ओतून तो दोन रात्री बुडवून ठेवला. मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक. चौकोनी आट्यांचा मोठा स्क्रू हळूहळू मोकळा झाला. त्याच्या प्रत्येक खाचेतून त्यांनी टूथब्रशने काळा चिखल काढला, ग्रीस भरलं आणि दांडी फिरवली. जबडा लोण्यातून यावा तसा पुढे आला. रात्री अकरा वाजता बाल्कनीत उभे राहून ते नुसते दांडी फिरवत होते, पुढे, मागे, पुढे, मागे. तेव्हा खाली पार्किंगमध्ये पावसाची झड आत येत होती आणि चेन तांबूस व्हायला लागली होती. म्हणजे गंज काढणं या माणसाला येत नाही, किंवा त्याचा कंटाळा आहे, असं कुणी म्हणू शकणार नाही.

टपारियाच्या पान्यांचा संच झाला. फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा मार्करने काढून झाली, म्हणजे कुठलं जागेवर नाही ते लांबून कळावं. प्लायवूडच्या तुकड्यांतून चाकाचा आउट काढायचं स्टँडही तयार झालं, आणि ते खरोखर उत्तम आहे. चाक त्यात ठेवून फिरवलं की दोन बाजूंच्या सुया रिमला कुठे घासतात ते दिसतं, आणि तेवढ्या जागेपुरते आरे आवळता किंवा सैल करता येतात. खालच्या सायकलचं मागचं चाक गेली दोन वर्षं आउट आहे. स्टँडमध्ये अजून कुठलंही चाक चढलेलं नाही. एक स्टूल, एक फळी, एक खणांची पेटी आणि हे स्टँड, इतक्या वस्तू या वर्कशॉपने आजवर घडवल्या. सगळ्या वर्कशॉपसाठी. मुलगी त्याला “बाबांची कंपनी” म्हणते, आणि कंपनी स्वतःचीच एकमेव गिऱ्हाईक असल्याचं तिने मागच्या महिन्यात जेवताना निदर्शनास आणून दिलं.

सप्टेंबरात एकदा ते पोलादी पट्टी घेऊन खाली गेले. पट्टी नवी होती, ती वापरून बघायची होती हे खरं कारण. सायकलच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची असते. गावठी काळ्या सायकलपासून परदेशी रेसिंग सायकलपर्यंत हे माप बदललेलं नाही. म्हणून बारा इंचांत बरोबर चोवीस कड्या बसतात. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरायचं आणि चोविसाव्या कडीच्या शेवटची पिन पट्टीवर कुठे येते ते बघायचं. अर्धं सूत पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे असेल तर उशीर झाला. तोवर पुढच्या चक्राचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे दातही त्या वाढलेल्या चेनप्रमाणे झिजलेले असतात, आणि नुसती नवी चेन टाकली तर ती जुन्या दातांवरून उड्या मारते.

चेन लांबली असं म्हणण्याची पद्धत आहे, पण तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. झिजतात त्या आतल्या पिना आणि त्यांच्याभोवतीच्या बारीक नळ्या. तेल असेपर्यंत धातू धातूला नीटसा लागत नाही. ते वाहून गेलं, रस्त्याची धूळ आत शिरली, की धूळ आणि उरलंसुरलं तेल यांचा काळा लेप तयार होतो आणि तो पॉलिश पेपरचं काम चोख करतो. दर कडीला केसाएवढी झीज, पण चेनमध्ये कड्या शंभराहून जास्त. पुण्यात गेली काही वर्षं रस्ते ज्या प्रमाणात खोदले गेले, त्या प्रमाणात हा पॉलिश पेपर फुकट मिळत आला आहे.

माप आलं बारा इंच आणि एक सूत. त्यांनी वर येऊन ते वर्कशॉपमधल्या छोट्या फळ्यावर खडूने लिहिलं, खाली तारीख घातली, आणि त्यांना काहीतरी केल्याचं समाधान झालं.

एके काळी हे शहर सायकलींचं म्हणून ओळखलं जायचं. नगरपालिकेचा कर भरून मिळालेला बिल्ला सायकलला लावावा लागे, रात्री दिवा नसला किंवा डबल सीट गेलं की पोलीस अडवत, आणि तासावर भाड्याने सायकल देणारी दुकानं चौकाचौकात होती. या साऱ्या सायकली चालत्या ठेवणारी माणसं झाडाखाली बसत. अजूनही काही बसतात. या गृहस्थांच्या गल्लीच्या तोंडाशी एक आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचं वर्कशॉप एका लाकडी पेटीत मावतं. पक्कड, हातोडी, तीन-चार पाने, दोन लिव्हर, कानशीचा तुकडा, सोल्युशनची ट्यूब, तेलाचं टमरेल, पाण्याचं घमेलं आणि पायाखाली दाबायचा पंप.

मामांचं पंक्चर काढणं उभं राहून बघण्यासारखं असतं. ट्यूब बाहेर काढली की ते ती घमेल्यात घालायच्या आधी टायरच्या आतून एक बोट सावकाश फिरवतात. काटा तिथेच बसलेला असतो आणि तो काढला नाही तर नवं पंक्चर संध्याकाळपर्यंत ठरलेलं. मग घमेलं, बुडबुडे, कानशीने घासणं, सोल्युशन लावून त्यावर फुंकर घालत थांबणं. पॅच घाईने चिकटवला तर सुटतो. सोल्युशन हाताला चिकटेनासं झालं की मगच लावायचा. हे सगळं करताना ते बाजूला उभ्या सायकलचं चाक सहज हाताने फिरवतात, ब्रेकच्या रबराकडे बघतात, आणि गिऱ्हाइकाने विचारलेलं नसताना एखादा नट आवळून देतात. त्याचे पैसे लावत नाहीत. गृहस्थ जूनपासून मामांच्या समोरून जाताना चेनचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून पेडल मारायचं थांबवतात. घरी पान्यांचे तीन संच असलेल्या माणसाला त्यांच्यापुढे सायकल उभी करायची लाज वाटते.

वर्कशॉपच्या बाजूने बोलायचं तर मराठी माणसाच्या हाताशी एक भक्कम दाखला आहे आणि या गृहस्थांचा तो घरात वापरूनही झाला आहे. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात 1888 साली बेळगावात काढलेल्या सायकलच्या दुकानापासून मोजतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे, पाठवायच्या, असा त्यांचा व्यवहार होता. हक्काची बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि तेही बेळगावात आले. सायकलींतून यंत्रं, यंत्रांतून चारा कापायचं यंत्र आणि 1903 मध्ये लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे तो नांगर खपायला दोन वर्षं लागली. 1910 मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या कारखान्याची वार्ता देणारं ‘किर्लोस्कर खबर’ 1920 मध्ये निघालं आणि त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढलं. म्हणजे मराठी नियतकालिकांच्या एका मोठ्या फांदीचं मूळ सायकलच्या दुकानात आहे.

दाखला खरा, पण त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. आधी गिऱ्हाईक दारात आलं, मग त्याच्या कामापुरतं हत्यार आलं, आणि जागा अपुरी पडली तेव्हा मोठी जागा आली. बाल्कनीत हा क्रम नेमका उलटा लागला आहे.

राइट बंधूंची गोष्ट तर या बाबतीत फारच बोलकी आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावात 1892 मध्ये त्यांनी सायकलचं दुकान काढलं. आधी दुरुस्ती आणि विक्री, मग 1896 पासून स्वतःच्या बनावटीच्या सायकली. उडण्याचं वेड लागल्यावर त्यांच्याही हातून सायकली मागे पडणार होत्या. पण सायकलींच्या पैशावरच उडण्याचा खर्च चालला होता. म्हणून 1901 मध्ये त्यांनी चार्ली टेलर नावाचा कारागीर दुकान सांभाळायला ठेवला. दोघे भाऊ किटी हॉकच्या वाळूत ग्लायडर उडवत असताना डेटनमध्ये चार्ली लोकांच्या सायकली दुरुस्त करत होता. त्याच वर्षी भावांनी दुकानात पंखांचे आकार तपासायला सहा फुटी लाकडी वायुबोगदा बनवला. त्यातले तराजू हॅकसॉच्या जुन्या पात्यांचे आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारेचे होते. पुढे विमानाला इंजिन हवं झालं, तेव्हा चार्लीने ते सहा आठवड्यांत दुकानातल्या लेथवर आणि ड्रिल प्रेसवर बनवलं. 17 डिसेंबर 1903 रोजी ते विमान उडालं, तेव्हा इंजिनाची ताकद पंख्यांपर्यंत पोचवायला दात्यांची चक्रं आणि चेनच होती.

ही गोष्ट गृहस्थांनी पत्नीला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. म्हणाली, “अहो, पण त्यांनी सायकलींना माणूस ठेवला होता.”

ती हे सहज बोलली, पण बोलण्याचा अधिकार तिचा होता. त्याच घरात, ड्राय बाल्कनीच्या दाराला लागून, एक वर्कशॉप पस्तीस वर्षं चालू आहे. तिथे कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी बिघडण्याआधी नवी येते. रोज रात्री शिट्टीचं भोक सुईने बघितलं जातं. विळीची धार, मिक्सरच्या भांड्याचा रबर, गॅसच्या नळीवरची तारीख, लोखंडी तवा धुऊन लगेच कोरडा करून त्यावर तेलाचा हात. यातल्या एकाही कामासाठी फळीवर मार्करने आकार काढलेले नाहीत. पाहुणे गृहस्थांची बाल्कनी बघायला जातात, फोटो काढतात, व्हाइसची दांडी फिरवून बघतात. कुकरची रिंग वेळेवर बदलली म्हणून कुणी आजवर फोटो काढलेला नाही. देखभाल चांगली झाली तर दिसायला काहीच उरत नाही. कुकर फुटला नाही एवढंच. बांधकामाचं तसं नसतं. काल जिथे कोरी भिंत होती तिथे आज फळी दिसते, उद्या त्या फळीवर खण येतो. रोज मरे त्याला कोण रडे, आणि रोज तेल लागणाऱ्या चेनला कोण विचारे.

तरी गृहस्थांची सगळीच बाजू लंगडी आहे असं नाही. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पासबुकांतले आकडे जुळवल्यावर हाताला काहीतरी टणक हवंसं वाटणं स्वाभाविक आहे. व्हाइसच्या जबड्यात लाकूड धरून कानस मारताना त्यांचा चेहरा बदलतो, आणि तो बदल घरातल्या सगळ्यांना आवडतो. पत्नीलाही. वर्कशॉप मोडा असं तिने एकदाही म्हटलेलं नाही. दुपारी एक ते चार ड्रिल लावू नका, एवढंच म्हणाली, आणि ते तर सोसायटीच्या सूचनाफलकावरही लिहिलेलं आहे.

खंडेनवमीला बाल्कनीत पाट मांडला. त्यावर लाल कापड, कापडावर हत्यारं उंचीप्रमाणे, मध्ये व्हाइस, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. पूजा फार देखणी झाली. एक माळ उरली. पत्नी म्हणाली, “सायकल खालीच राहिली की हो.”

ते माळ घेऊन खाली गेले. हँडलला माळ बांधताना आधी थोडी पुसावी म्हणून रुमालाने दांडा पुसला, मग चक्र पुसलं, मग सवयीने पेडल उलटं फिरवलं. चेन खटकन पडली आणि चक्र व फ्रेमच्या मध्ये जाऊन अडकली. पार्किंगमधला रखवालदार मदतीला आला. दोघांच्या ओढाओढीत एका कडीची पट्टी वाकली. गृहस्थांनी वर बघितलं. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत सात प्रकारच्या पकडी झेंडू घालून बसल्या होत्या, आणि पूजा झालेली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवायची नसतात.

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल हाताने ढकलत मामांकडे नेली. मामांनी चेन एकदा बोटांत धरून वाकवून बघितली, ती बाजूला जितकी झुकायला नको तितकी झुकली. “किती दिवस तेल नाही?” एवढाच प्रश्न विचारला. उत्तराची वाट बघितली नाही. नवी चेन टाकली, मागचं फ्रीव्हील बदललं. पुढचं चक्र अजून एखादं वर्ष जाईल म्हणाले. मागचा ब्रेक न विचारता जुळवून दिला. एकूण अर्धा तास लागला. बिल झालं ते बोहरी आळीतून आणलेल्या ड्रिल बिटांच्या संचापेक्षा कमी.

जुनी चेन मागून घेतली. ती आता बाल्कनीतल्या फळीवर एका खिळ्याला टांगलेली आहे; तिच्याभोवती मार्करची रेघ अजून काढलेली नाही. फळ्यावर सप्टेंबरची ओळ तशीच आहे: बारा इंच, एक सूत. तिच्याखाली परवाची तारीख आणि नुसतं बारा इंच. हे दुसरं माप पार्किंगमध्ये उकिडवं बसून घेतलेलं आहे, आणि खडूच्या त्या अक्षरांना तेलाच्या बोटांचे डाग आहेत.